बाली की लोम्बोक

लोकेंद्रने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि वरणभाताने माखलेल्या बोटाने त्यावरचा फोटो बालीवरून लोम्बोकवर सरकवला. निळ्या समुद्रावर एक शीत चिकटून राहिलं. ते त्याने तिथूनच उचलून तोंडात टाकलं.

“हे पाय. हे लोम्बोक. अन् मघाचं ते बाली.”

रविता भाजीची कढई हातात धरून उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बोटाकडे.

“दोन्ही सारखेच तं दिसून राहिले.”

“सारखे कसे? बालीत गर्दी, बजार, नाचगाना. लोम्बोकमधी एकदम शांती. मधात समुद्राची एक पट्टी हाये तेवढी. कंपनीचा देवेश संध्याकाळी येऊन राहिला, त्याले नाव सांगा लागते. अर्धे दुकानदार इकडं चालले, अर्धे तिकडं. आपन नाही सांगतलं तं कुठंबी टाकून देतीन.”

“मंग टाकू द्या.”

“अशी कशी तू? बायकोच्या पसंतीनं जावं म्हन्तो मी, अन् तू...” घास तोंडात असतानाच तो हसला. एक शीत उडून ताटाबाहेर पडलं. रविताने कढई खाली ठेवली आणि पदराने हात पुसला, हाताला काही लागलेलं नसतानाही.

आमगावच्या बाजाररस्त्यावर त्यांचं कृषी केंद्र होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. लग्न होऊन रविता या घरात आली तेव्हा फवारणीच्या दवाईच्या वासाने तिचं डोकं उठायचं. उशीला तोच वास, तांदळाच्या कोठीत तोच. हळूहळू तो जाणवेनासा झाला होता. गेल्या काही दिवसांत मात्र तो परत आला होता, अगदी पहिल्यासारखा, गोडसर आणि घशात बसणारा.

यंदा एका कंपनीने धानावरच्या तुडतुडा किडीसाठी नवी दवाई काढली होती. जो दुकानदार ती ठरल्याइतकी खपवील त्याला बायकोसह विदेशाची सहल. लोकेंद्रने पावसाळाभर दुसरं काही केलं नाही. ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तुडतुडा होता त्याला ती दिली. ज्याच्या बांधीत नव्हता त्यालाही, येईल तेव्हा रडशील म्हणून, दिली. वर तिच्यात मिसळायला आणखी एक बाटली गळ्यात बांधली. “दोन्ही मिसळून मार, मंग पाय कमाल!” हे पडद्याआडून ऐकून ऐकून रविताला पाठ झालं होतं.

सुरुवातीला तिलाही बरं वाटलं होतं. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. मोठं पाणी म्हणजे माहेराजवळचा बोदलकसाचा तलाव. नागपुरात शिकणारी मुलगी, रुचि, रोज फोटो पाठवत होती. त्यांतल्या एका फोटोत बालीच्या डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांनी धानाच्या बांध्या होत्या. “इतक्या लांब जाऊन धानच पाहाचा का?” असं ती म्हणाली, तेव्हा लोकेंद्र पोट धरून हसला आणि पुढे आठवडाभर तो किस्सा गिऱ्हाइकांना सांगत राहिला. तेव्हा तिलाही त्या हसण्यात सामील व्हावंसं वाटलं होतं.

मग केवळराम पडला. जवळच्याच टोल्यावरचा, छोट्या वस्तीतला शेतकरी. दर वर्षी नव्या धानाचे पोहे आठवणीने आणून देणारा. दमट दुपारी तोंडाला काही न बांधता त्याने त्या दोन दवाया मिसळून फवारल्या आणि बांधावरच ओकायला लागला. घरी आणेपर्यंत तोंडाला फेस आला होता. लोकांनी त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्याच दिवशी लोकेंद्र बिस्किटांचे पुडे आणि नारळपाणी घेऊन भेटून आला. रविताने त्या दिवशी नवऱ्यासाठी मुद्दाम वडे तळले होते. माणूस खपवाखपवी करतो, पण आतून चांगला आहे, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

जेवण झाल्यावर लोकेंद्रने कपाटातून एक पिशवी काढली. गोंदियाहून आणलेला नवा सदरा होता तो, पिवळा, त्यावर हिरवी नारळाची झाडं. तो अंगात घालून तो आरशासमोर उभा राहिला. रविता पुढे दुकानात जाऊन बसली.

थोड्या वेळाने केवळरामची बायको अनुसयाबाई पायरी चढून आली. तिच्या लुगड्याला दवाखान्याचा वास होता. चार-पाच दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

“कसे हायेत?” रविताने उठून विचारलं.

“तसेच. ओळखत नाहीत. हात झटकतेत तं बांधून ठेवले हायेत.” अनुसयाबाई उभीच राहिली. “बाई, त्या शिश्या पायजे होत्या. डॉक्टरीनबाई रोज मांगून राहिली. नेमकी कोनती दवाई मारली, शिशी आना म्हन्ते. मले वाचता येत नाही. काय सांगू मी?”

“कोनत्या शिश्या?”

“शेठजीनं नेल्या नव्हत्या का त्या दिवशी? दोन्ही रिकाम्या. कंपनीच्या मोठ्या डॉक्टरले दाखवून विचारतो म्हनले. मी थैलीतूनच काढून देल्या.”

रविताने तिला पाणी दिलं, बसवलं आणि पडदा सारून आत गेली. लोकेंद्र आरशात पाहत खालून वर गुंड्या लावत होता.

“केवळरामच्या शिश्या तुमी आनल्या?”

“आनल्या.”

“कुठं हायेत?”

“नाल्यात फेकल्या. काऊन?”

“डॉक्टर मांगून राहिली. चार दिस झाले, तिले समजलं नाही कायचं जहर हाये तं.”

लोकेंद्रने पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पागल झाली का तू? पोलीस केस हाये ते. शिशीवरच्या नंबरावरून सरळ आपल्या दुकानात येतीन. लायसन गेलं तं कंपनी विदेशात नेईल का तुले? अन् तो सुधरून राहिला. दोन दिसात उठून बसते, पायजो.”

“अन् नाही उठला तं?”

त्याने शेवटची गुंडी लावली. कापड पोटावर ताणलं गेलं आणि मधलं नारळाचं झाड कमरेत वाकलं. तसाच तो मागच्या अंगणात गेला. तिथे कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलेला असे. त्यातली एक त्याने उचलली, वांग्या-भेंड्यांवर मारायच्या साध्या दवाईची, भलत्याच कंपनीची. खांद्यावरच्या ज्या रुमालाने मघाशी तोंड पुसलं होतं त्याच रुमालाने तिची धूळ पुसली आणि तो दुकानात गेला. रविता पडद्यात उभी राहिली.

“हे घे बाई. सापडली. डॉक्टरले दाखव.”

“एकच? दोन होत्या ना, शेठजी?”

“एकच होती. तुह्या ध्यानात नाही राहिलं. अशा टायमाले डोस्कं कुठं ठिकानावर राहते मानसाचं?”

पिवळ्या सदऱ्यातल्या त्या माणसाकडे पाहत अनुसयाबाईने बाटली दोन्ही हातांनी घेतली. पदराच्या टोकात गुंडाळली, गाठ मारली. “लय उपकार झाले,” ती म्हणाली. “गाडी हाये आता गोंदियाची. जातो मी.”

रविता मोरीकडे धावली. बाहेर पडलं ते आंबट पाणी फक्त. भिंतीला धरून ती वाकून राहिली. मागून लोकेंद्रचा आवाज आला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घोटत होता तो.

“काय झालं? भाजी नाही पचली का?” मग चिमूट गालात दाबून, बोबड्या तोंडाने, “तं देवेशले काय सांगू? बाली की लोम्बोक?”

तिने चूळ भरली. पुन्हा भरली. त्याच्या गालातला तो फुगवटा तिला पाहवेना.

“सांगीन मंग,” ती म्हणाली.

तो दिवाणावर आडवा झाल्यावर ती दुकानात आली. फळीवरची नवी दवाई आणि तिच्यात मिसळायची ती दुसरी, दोन्ही बाटल्या तिने कापडी पिशवीत घातल्या, स्कूटी काढली आणि स्टेशन गाठलं.

अनुसयाबाई फलाटावरच्या बाकावर पदर मुठीत धरून बसली होती. रविता तिच्यासमोर उभी राहिली.

“ती शिशी द्या मले.”

“काऊन, बाई?”

“ती नाही. ह्या हायेत.”

अनुसयाबाईने पिशवीत पाहिलं. बाटल्यांचे रंग तिने ओळखले असावेत. “पन शेठजीनं तं आताच...”

“चुकून देल्ली त्यायनं.”

अनुसयाबाईने पदराची गाठ सोडून ती रिकामी शिशी तिला दिली. गाडी आली. रविता तिच्यामागून डब्यात चढली. अनुसयाबाईने सरकून तिला जागा करून दिली, कनवटीची सुपारी पुढे केली. बाहेर लोंबीला आलेला धान मागे जात होता. शेठजी चांगले आहेत, आजकाल कोण कोणाला पाहायला जातं, असं काहीबाही अनुसयाबाई बोलत राहिली. 

“चुकून नाही देल्ली,” ती एकदम म्हणाली.

अनुसयाबाई थांबली. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने आपली थैली दोघींच्या मधून उचलली, पलीकडच्या बाजूला ठेवली आणि गोंदिया येईपर्यंत तोंड खिडकीकडे फिरवून ठेवलं.  

दवाखान्यातली डॉक्टर वयाने रुचिपेक्षा फार मोठी नसावी. तिने दोन्ही बाटल्यांवरचं बारीक छापील वाचलं, फोटो काढले, नर्सला हाक मारून भराभर काही सांगितलं. मग रविताने तिसरी, रिकामी बाटली तिच्यापुढे ठेवली.

“ही कसली?”

“हे दाखवाले देल्ली होती यायले.”

डॉक्टरने ती फिरवून पाहिली. “हे दाखवलं असतं तर आता जे चालू आहे तेही मी बंद केलं असतं.” तिने मान वर केली. “तुम्ही पेशंटच्या कोण?”

“कोनी नाही. ज्या दुकानातून दवाई घेतली, तिथली. मालकाची बायको.”

डॉक्टरने तिन्ही बाटल्या एकत्र ठेवल्या. “खाली पोलीस चौकी आहे. हे सगळं तिथे सांगावं लागेल.”

“सांगीन.”

वॉर्डाच्या दारातून केवळराम दिसत होता. हात खाटेला कापडाने बांधलेले, डोळे अर्धे उघडे, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार गळ्यापर्यंत गेलेली. चादरीला लघवीचा वास मारत होता. अनुसयाबाईने पदराने ती लाळ पुसली आणि त्याच पदराने स्वतःचं कपाळ पुसलं. रविताने श्वास रोखून धरला होता. आपल्याला किळस येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. ती आत गेली आणि खाटेखाली पडलेली ओली चादर उचलून बादलीत टाकली. अनुसयाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही, पण बादली पायाने तिच्याकडे सरकवली.

ती जिन्यात असताना मोबाइल वाजला.

“कुठं हायेस तू?” लोकेंद्र ओरडला. मागून कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. “देवेश येऊन बसला. चाहा कोन करन त्याच्यासाठी? बरं, ते जाऊ दे. काय लिहाचं ते सांग लवकर.”

“कोनतं जास्त लांब हाये?”

“लांब?” त्याने तिकडे विचारलं. “लोम्बोक म्हन्ते. एवढंसं लांब.”

“मंग लोम्बोक लिहा.”

“पाय! मले मालूम होतं, तुले शांतीच पायजे. देवेशभाऊ, लोम्बोक लिहा आमचं दोघाचं.”

“एकाचं,” रविता म्हणाली.

“आं?”

“एकाचंच लिहा.”

तिने फोन ठेवला आणि उरलेल्या पायऱ्या उतरली. चौकी म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पेंगुळलेला हवालदार होता. त्याने तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मध्येच ताठ बसला. पेन शोधून काढलं.

“दुकानदाराचं नाव?”

रविताने आजूबाजूला पाहिलं. इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव कोणी विचारलं की ती गप्प राहायची, सासू किंवा रुचि किंवा शेजारची कोणी बाई तिच्यासाठी ते नाव सांगायची. तिथे दुसरी बाई नव्हती.

“बाई, नाव सांगा.”

“लोकेंद्र,” ती म्हणाली. मग वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि हवालदार नीट लिहितो आहे की नाही ते वाकून पाहिलं.