माझ्या पडद्यावरची सावळी

मित्रांनो, किन्हवलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकूरवाडी आहे. तिथल्या समाजमंदिरात कोपऱ्यात पडलेला मी एक जुना टीव्ही. आता वाडीत मला त्या नावाने कुणी ओळखत नाही. आता मी नुसता 'डबा'. माझे एक बटण निखळले आहे, पाठीमागच्या जाळीत कोळ्याने संसार मांडला आहे आणि पडद्यावर बोटभर धूळ आहे. मला रंगीत चित्रे दाखवता येत होती, हे आता सांगूनही कुणाला पटायचे नाही. पण आज मला जी कहाणी सांगायची आहे, ती माझी कमी आणि सावळीची जास्त आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून दुकान, दुकानातून टेम्पो आणि टेम्पोतून मी थेट या वाडीत आलो. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे माझे स्वागत फारच थाटात झाले. नारळ फुटला, माझ्या कपाळाला कुंकू लागले. मला दारे असलेल्या लाकडी खोक्यात बसवून कुलूप घातले आणि किल्ली समाजमंदिराची देखरेख करणाऱ्या कमळूकडे दिली. कमळू ती करदोट्याला बांधून असा मिरवायचा, की जणू साऱ्या तालुक्याची तिजोरी त्याच्याच ताब्यात आहे. पुरुष पुढे बसत, बायका दाराजवळ. एकदा मी पाऊस येणार म्हणालो आणि तो खरेच आला. तेव्हापासून माझी पत इतकी वाढली, की कुठल्याही भांडणात 'टीव्हीत आलं व्हतं' असे कुणी म्हटले की समोरचा गप्प बसे. मलाही त्याचा गर्व वाटे. खोटे कशाला बोलू?

सावळी दाराजवळच बसायची. वाडीतल्या अंबूबाईची ही थोरली मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, बोलकी आणि हसरी. साबणाची जाहिरात लागली की ती माझ्याआधीच त्यातले शब्द म्हणून मोकळी व्हायची. तिच्या शेजारी तिची मैत्रीण गुणा असायची. गुणाचे लग्न वाडीतल्याच लखमाशी झाले होते, पण दोघींची जोडी काही सुटली नव्हती.

होळीच्या सुमारास इथे मोह फुलतो. प्रत्येक घराची झाडे ठरलेली. बायका आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात. रात्रभर फुले टपटप पडतात आणि ती उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर उन्हे आली की गुरे आणि शेळ्या येऊन सारे साफ करतात. म्हणून वाडीतल्या झाडून साऱ्या बायका पहाटे टोपल्या घेऊन रानात असतात. त्यांच्या आया जात होत्या, आज्या जात होत्या. यात सांगण्यासारखे कुणाला काही वाटतही नव्हते.

अशाच एका पहाटे सावळी आणि गुणा निघाल्या. सावळीचे झाड अलीकडे, गुणाचे थोडे पलीकडे. गुणा तिच्याकडे परत आली, तेव्हा खडीच्या खदानीवरचा मुकादम ओहोळातून घाईघाईने वर येताना तिने पाहिला. ओहोळात सावळी पडलेली होती. तिचा जीव गेला होता.

गुणाने जे पाहिले ते पोलिसांना सांगितले. मुकादमाला अटक झाली, मग तो जामिनावर सुटला आणि खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. अंबूबाईला एवढे मात्र पक्के ठाऊक होते, की मुकादमाला ओहोळातून येताना पाहणारी एकटी गुणाच आहे. गुणा कोर्टात उभी राहिली, तर सावळीला न्याय मिळणार होता. त्या एका आशेवर अंबूबाईने चार वर्षे काढली.

चौथ्या वर्षी एक जीप आली. सत्य घटनांवरची गुन्ह्यांची मालिका काढणारी ती मंडळी होती. त्यांनी अंबूबाईला खुर्चीत बसवले, चहा पाजला आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलीची गोष्ट सगळ्या देशाला कळेल." तिने सावळीचा एकुलता एक फोटो त्यांना दिला. म्हसाच्या जत्रेत काढलेला होता तो. जाता जाता त्यांनी विचारले, "तिचं कुणाशी बोलणंबिलणं होतं का?"

"सगल्यांशीच बोलायची," अंबूबाई म्हणाली. "माजी पोरगी लई बोलकी व्हती."

फोटो परत आला नाही. मालिकेचा तो भाग मात्र आला.

त्या रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. कमळूने अंबूबाईला पहिल्यांदाच पुढे, अगदी माझ्यासमोर बसवले. तिने धुतलेले लुगडे नेसले होते. मी सुरू झालो आणि माझ्या पडद्यावर एक मुलगी आली. चकचकीत साडी, केसांत गजरा, ओठांना लाली. तिच्या हातात टोपली नव्हती. ती नटूनथटून एकटीच रानात चालली होती आणि झाडाआडून एक पुरुष तिच्याकडे बघून हसत होता. गुणाचा त्यात पत्ताच नव्हता. कोटातला निवेदक पुढे आला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "सावळी सगळ्यांशीच बोलायची. पण प्रश्न असा आहे, की अंधारात एक तरुण मुलगी रानात गेलीच कशाला?"

मला वाटले, आता ही माणसे उसळतील. दाराजवळच्या साऱ्या बायका त्याच सकाळी मोह वेचून आल्या होत्या. काहींच्या अंगणात फुले अजून वाळत होती. पण झाले उलटेच. पुढे बसलेले दोन-तीन पुरुष माना डोलावत होते, आणि मागून एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "खरंच गो, कशाला गेली असंल?"

मित्रांनो, तेव्हा मला जी लाज वाटली, ती मी शब्दांत सांगू शकत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, स्वतःच्या पायांनी चाललेले रान ही माणसे विसरली आणि त्यांनी मला खरे मानले.

अंबूबाई उठली. कुणाकडेही न बघता ती बाहेर गेली. तिच्या पाठीमागे मी बोलतच होतो, कारण माझे तोंड बंद करायचे बटण बाहेरच्या बाजूला असते आणि कुणी हात उचलला नाही.

त्यानंतर बाजारात टोपली घेऊन जाणाऱ्या बायकांना टपरीवरची पोरे विचारू लागली, "मोहाला जाता का कोणाला भेटाया?" पुढच्या होळीला पुष्कळ घरांनी लेकीसुनांना उजाडायच्या आत बाहेर पडू दिले नाही. शेळ्यांची चंगळ झाली.

अशात खटल्याची तारीख आली. आदल्या दिवशी अंबूबाई समाजमंदिराच्या ओट्यावर गुणाला भेटली. लखमाही तिथेच होता. त्या दिवशी मी बंद होतो, पण कान उघडे होते.

"उद्याला पैली गाडी धरू गो," अंबूबाई म्हणाली. "शहापूर, तितून आसनगावला रेल्वे, मंग कोरट. मी संगती हाय."

गुणा काही बोलायच्या आत लखमा म्हणाला, "ती नाय येणार, मावशे."

"तिनं पायलंय रं त्याला."

"टीव्हीत ती नवती. मंग नवतीच." लखमाचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "वकील इचारंल, आंधारात तू काय करीत व्हतीस? आज सावळीचं नाव घेत्यात, उद्या माज्या बायकोचं घेतील. मला बी लेकी हायेत."

"गुणे, तू बोल," अंबूबाई म्हणाली. "तू सांग मला."

गुणाने एकदा लखमाकडे पाहिले, पदर डोक्यावर ओढला आणि ती घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई एकटीच एसटीत बसली. मुकादम पुराव्याअभावी सुटला. ही बातमी कुणी मालिकेत दाखवली नाही. अंबूबाई त्यानंतर फार दिवस जगली नाही.

पुढे घरोघर नवे, चपटे टीव्ही आले. माझ्या खोक्याची दारे कुणी चुलीला नेली. समाजमंदिरात खताच्या गोणी पडू लागल्या आणि मला सारे विसरले. मला त्याचे फारसे दुःख झाले नाही.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी गुणा आत आली. केस पांढरे झालेले, अंग वाळलेले. बहुतेक गोणी न्यायला आली असावी. पण ती माझ्यासमोर आली आणि जिथे अंबूबाईला बसवले होते, तिथेच खाली बसली. तिने हाताने माझ्या पडद्यावरची धूळ थोडी पुसली. मग हळू आवाजात, एकेक शब्द जपून, ती बोलू लागली. असे वाटले, की हे सारे तिने मनातल्या मनात पुष्कळदा घोकले असावे.

"माजं नाव गुणा लखमा. मी खरं सांगन. आमी दोगी मोहू येचाया गेलतो. आमी रोजच जातो, समद्याच जातो. तिच्या हातात टोपली व्हती. ती गाणं म्हणीत व्हती म्हून मला तिचा आवाज येत व्हता. मंग गाणं थांबलं. मी बिगी आले तर तो मुकादम वर येत व्हता. मी त्याचं तोंड पायलं. तिची टोपली अर्दी भरली व्हती, फुलं समदी सांडली व्हती. ती कोणालाबी भेटाया आली नवती, सायब. ती कामाला आली व्हती."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. कुणी काही विचारील, याची जणू वाट बघत होती. मग पदराने तोंड पुसून उठली आणि गोणी न घेताच निघून गेली. थोड्याच दिवसांत तीही वारली.

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांनी पाठवलेलेच बोललो. एवढेच एक मी आपणहून बोलतो आहे. मेलेल्या बाईला आपली बाजू मांडता येत नाही. तिची गोष्ट कुणी कितीही गंभीर चेहऱ्याने सांगितली, तरी तिच्या माणसांना विचारल्याशिवाय मान डोलावू नका. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर ते एखाद्या बंद पडलेल्या डब्यापुढे बोलायची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका.

सावळी त्या पहाटे मोहाची फुले वेचायला गेली होती. गुणा तिच्याबरोबर होती.