अंगाऱ्याभोवतीचं कडं

मंगळवार उजाडला की वणीच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरत नसे. जीपा, टेम्पो, कडेवर तापलेली लेकरं. कुंदनबाबा अंगाऱ्याची चिमूट द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असायचा. हे खोटं नव्हतं, खरोखर उतरायचा. सर्दी-पडशाचा ताप तर काही न करताही उतरतो, पण तेवढे दिवस थांबतो कोण?

"सुई नाय, गोळी नाय," बाबा माईकवर घोळवून सांगायचे. "आईच्या धुनीची राख हाय. एकट्यानं खाऊ नका. परसाद हाय तो. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत समद्यांच्या जिभेला लावा, म्हंजी तापाला तुमच्या घराचा पत्ताच सापडायचा नाय."

झेंडू पिकवणारी मालनबाई हे सात वर्षं ऐकत आली होती. बाबांची ती ठरलेली साक्षीदार. घरात कोण कसं बरं झालं ते माईकवर सांगायची. कुणी शिंकलं तरी एक चिमूट सहा जणांत वाटायची. मग श्रावणात तिच्या नवऱ्याच्या, मल्हारीच्या, पायाला विळा लागला आणि जखम पिकली. अंगाऱ्याने ताप एक दिवस उतरला, तिसऱ्या दिवशी दुप्पट चढला. पुन्हा अंगारा. नवव्या दिवशी नाशिक रोडच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा विष रक्तात भिनलं होतं. नेहमीचं इंजेक्शन लागू पडेना. लागू पडणारं सापडेपर्यंत मल्हारी गेला.

त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिच्या बहिणीची मुलगी सृष्टी कामाला होती. जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, हा रिपोर्ट पाहून तिने विचारलं, काका आधी कुठल्या गोळ्या खात होते? एकही नाही, मालनबाई म्हणाली, फक्त अंगारा. सृष्टीने पुडी मागून घेतली.

पुडीत काय आहे ते कळलं त्या दिवशी मालनबाई रडली नाही. पुढच्या मंगळवारी ती मंडपात जाऊन बाबांच्या पाया पडली. मल्हारीची श्रद्धा कमी पडली, असं बाबांनी सांगितलं, तेव्हाही तिने मान हलवली. आठ मंगळवार तिने ते पाय धरले, कारण तिला तो माईक हवा होता.

नवव्या मंगळवारी बाबांनी तिला अनुभव सांगायला बोलावलं. पुढेच तिची जाऊ अक्काबाई तापलेल्या नातीला, तेजलला, मांडीवर घेऊन चिमटीची वाट पाहत होती. सृष्टी तीन काचेच्या थाळ्या घेऊन मालनबाईशेजारी उभी राहिली. थाळ्या चिकटपट्टीने पक्क्या बंद होत्या.

"बाबा, ही पुडी तुमच्याच हातची ना?" मालनबाईने अंगाऱ्याची पुडी दाखवत माईकवर विचारलं.

"माझ्याच हातची, माय. शिक्का बघ की."

सृष्टीने पहिली थाळी वर धरली. थाळीभर साध्या, औषधाने मरणाऱ्या जंतूंचा सायीसारखा थर होता. मधोमध बाबांचा अंगारा, आणि त्याच्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं. त्या कड्यात एकही जंतू जगला नव्हता.

बाबा खुलले. "बघा, आईचं कडं. दवाखान्यानं बी मान्य केलं." टाळ्या पडल्या. मालनबाईने त्या पुरत्या वाजू दिल्या.

दुसऱ्या थाळीत तेच जंतू होते. एकीकडे तिच्या चुलीतली राख, तिच्याभोवती कडं नाही. दुसरीकडे औषधाच्या दुकानातली जंतू मारणारी गोळी कुटून ठेवलेली, आणि तिच्याभोवती तसंच कडं.

"आई कोन्त्या दुकानातून गोळ्या आणते, बाबा?"

मागून कुणीतरी हसलं. ही बाई नवऱ्याच्या दुःखानं भ्रमली आहे, असं बाबा सांगू लागले, पण माईक तिच्या हातात होता. तिने तिसरी थाळी दाखवली. यात मल्हारीच्या रक्तातले जंतू होते. अंगारा मधोमध होता आणि जंतू त्याला खेटून वाढले होते. कडं नव्हतं.

"म्हंजी मल्हारीच्या अंगाला औषधाची सवय झालेली?" अक्काबाईने विचारलं.

"अंगाला नाही, जंतूंना," सृष्टी म्हणाली. "अंगाऱ्यात कुटून घातलेलं हे औषध जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही, म्हणून तो फुटतो. पण लाखोंमधला एखादा जन्मतःच वेगळा असतो, औषधच मोडून टाकणारा. पुरेसं औषध, पुरेसे दिवस घेतलं तर बाकीचे मरतात आणि उरलेल्या चार-दोघांना शरीर निपटतं. चिमूट चिमूट वाटून खाल्लं की कच्चे मरतात, पक्के राहतात, आणि त्यांचीच प्रजा वाढते. सात वर्षं या घरात हेच झालं."

"माझ्या हातानं झालं," मालनबाई म्हणाली. "ते माझं मी भोगीन. याचं यानं भोगायचं."

तिने आधीच तक्रार दिली होती. औषध खात्याची माणसं गर्दीत बसलेली होती. धुनीमागचा पडदा ओढला तेव्हा मिक्सर निघाला आणि त्याच गोळ्यांची खोकी. अक्काबाई तेजलला उचलून थेट डॉक्टरकडे गेली. साधं पडसं होतं. डॉक्टरांनी असली कुठलीच गोळी दिली नाही, आणि पोर बरी झाली.

खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला मालनबाई बाबांच्या नजरेसमोर बसते. तक्रार मागे घे, असा त्यांनी निरोप धाडला होता. मल्हारीच्या अंगातल्या जंतूंनी माघार घेतली नाही, मी का घेऊ, असं तिने उलट कळवलं.

प्रतिजैविक, म्हणजे जंतू मारणारं असलं औषध, फार मोलाचं आहे. डॉक्टर सांगतील तेव्हाच घ्या, सांगतील तितके दिवस घ्या, कुणाशी वाटू नका. आणि एका दिवसात गुण देणारी वस्तू कुणी हातावर ठेवली, तर त्यात काय आहे ते विचारा. सांगत नसेल, तर ती तोंडात घालू नका.