मुळाबरहुकूम तीन प्रती

बलभीम सोनकांबळे टाइप करताना कधी खाली बघायचा नाही. मुरूमच्या शेतकरी सोसायटीत लागल्यापासून त्याची नजर कागदावर नाहीतर खिडकीबाहेर असायची आणि बोटं आपली आपण चालायची. एकेक अक्षर हुडकत बसणाऱ्याला तो दाणे टिपणारी कोंबडी म्हणायचा. त्याच्या कागदात आजवर खाडाखोड निघाली नव्हती, आणि हा तोरा त्यानं कधी लपवलाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात, गावाला प्यायला पाणी नसताना, चेअरमन आबारावांनी सोसायटीला नवा टाइपराइटर आणला. जुना मोडीत घातला. नव्यावर अक्षरांच्या जागाच वेगळ्या होत्या. बलभीमनं सवयीनं पहिली ओळ बडवली आणि 'मुरूम'च्या जागी 'लटधषल' उमटलं.

नेमका त्याच दिवशी सरकारी वैरणीचा अर्ज जायचा होता. बलभीमच्या दावणीला एक बैलजोडी होती, कातड्याखालची हाडं दिसणारी. त्याची माय सिताबाई छपरावरचं पाचट उपसून त्यांना घालत होती. पाचट संपलं की जोडी बाजारात. आणि त्या साली बाजारातून बैल कुणाच्या गोठ्यात जात नव्हता.

म्हणून बलभीमनं तोरा गिळला. "चेअरमनसाहेब, ह्याच्यावर अक्षरं हिकडची तिकडं हायती. आज म्या खाली बघून, हुडकून हुडकून करतो. सांजंपस्तोर हुईल."

"सांजंपस्तोर? दुपारच्या यष्टीनं कागद जायचा हाय!" आबारावांनी मिशीवरून हात फिरवला. मिशीवरून हात फिरवला की अक्कल सुचते, असा त्यांचा समज होता. "आरं, अक्षरं हिकडची तिकडं झालीत, तर तिकडची हिकडं करा की! त्यात काय मोठं? बोलवा धुळाप्पाला."

धुळाप्पा विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. विहिरी आटल्यापासून रिकामाच होता; पक्कड घेऊन धावत आला. बलभीमनं परोपरीनं सांगून बघितलं. बटणावरचं अक्षर म्हणजे नुसती दारावरची पाटी. कागदावर उमटतं ते आतल्या दांडीवरचं. पाटी बदलून घरातला माणूस बदलत नाही.

"तुला नवं शिकायचा कटाळा," आबाराव म्हणाले. "म्या येवढ्या गावांचा कारभार बघतो, आन् तू मला शिकवतो व्हय?"

संचालकांनी माना डोलावल्या. या मंडळींनी मानेचा दुसरा उपयोग जन्मात केला नव्हता. जुन्या मशीनवर कुठलं अक्षर कुठं होतं, ते बलभीमकडूनच वदवून घेतलं आणि धुळाप्पानं बटणावरच्या टोप्या उपटून तशा ठोकल्या. आधी निदान खाली बघून जमलं असतं. आता ती सोयही गेली.

बलभीमनं अर्ज बडवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं लटधषल. त्यानं कागद पुढं धरला. "वाचून तर बघा, साहेब."

आबारावांनी तो उजेडात धरला. "काय काळंभोर उमटलंय, वा!" त्यांनी दणकून सही केली, शिक्का मारला. "येकच प्रत हाय न्हवं? बेस. दुष्काळात कार्बन कशाला नासायचा?" बलभीमनं हातानं लिहिलेला चांगला अर्ज पुढं केला, तर "मग नवं मशीन काय पुजायला आणलंय व्हय?" म्हणत त्यांनी तो टराटरा फाडला. यष्टी कागद घेऊन गेली.

पंधरवड्यानं उत्तर आलं. बलभीमनं शिव्यांची तयारी ठेवूनच पाकीट फोडलं. आत मूळ अर्ज परत, आणि वरच्या कचेरीची चिठ्ठी: 'आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला. मागणी रास्त आहे. मात्र सोबत तीन प्रती नाहीत. मुळाबरहुकूम तीन प्रती त्वरित पाठवाव्यात. अक्षराचाही फरक आढळल्यास अर्ज बाद समजला जाईल.'

बलभीमला हसू आलं नाही. थुंकावंसं वाटलं. ज्या निर्दोष कागदांचा इतकी वर्षं तोरा मिरवला, ते सगळे असेच काळजीपूर्वक वाचले गेले असणार. कोंबड्यांना हसत बसलेला आपणच सगळ्यात मोठा गाढव, हे त्याला चांगलंच कळलं.

तो मशीनपुढं बसला. मनात शुद्ध मराठी म्हणत गेला आणि बोटं जुन्याच वाटेनं चालली. प्रती तंतोतंत उतरल्या. त्यानं एकही चूक केली नाही, खालीही बघितलं नाही.

वैरणीचा ट्रक आला तेव्हा आबारावांनी टाइपराइटरला हार घातला आणि दुसरा स्वतःला घालून घेतला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. साफ खोटं. शहाणपण आबारावांचं आणि दावं रिकामं झालं ते बलभीमचं, कारण पाचट आदल्याच आठवड्यात संपलं होतं. एक तरी जगावा म्हणून सिताबाईनं थोरला बैल बाजारात नेऊन दिला होता.

उरलेल्यापुढं तिनं पेंढी सोडली. तो खायला लागला, मग थांबून शेजारच्या मोकळ्या खुंट्याकडं बघत राहिला.

"उशिरा का हुईना, तुझ्या कागदानं वैरण आली," ती म्हणाली. "लई चांगलं लिवलं असशील. काय लिवलं हुतंस रं?"

"त्यास्नी वाचता येतं तेवढंच, माय."