दांड्यावरचे नारळ

दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे. तेवढ्यात ओळख उरकून घेतो, मित्रांनो.

मी जुना सेफ्टी व्हॉल्व्ह. बारामतीजवळच्या एका लहान रसायन कारखान्यात, रिॲक्टर नावाच्या मोठ्या बंद भांड्याच्या डोक्यावर बसलो आहे. आत दाब फार वाढला की माझी झडप उघडते आणि कोंडलेली वाफ नळातून बाहेर जाते. झडप दाबून धरायला माझ्यावर एक आडवा लोखंडी दांडा आहे, त्याच्या टोकाला वजन. हे वजन मोजून लावलेले. त्यात भर पडली तर मी उशिरा उघडतो. माझी सारी विद्या एवढीच.

माझा जन्म वालचंदनगरच्या बाजूला, एका भट्टीत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, निवल्यावर कानशीने घासले, मग...

लाईट गेली.

पंप थांबला. रिॲक्टरला गार ठेवणारे पाणी थांबले. जनरेटर धडधडला आणि बंद पडला. काटा पिवळ्यात.

जन्माचे राहू द्या. नारळांचे सांगतो, आज तेच महत्त्वाचे.

खंडेनवमीला इथे यंत्रांची पूजा होते. जवळच्या कळस गावचे अप्पा इथले सर्वांत जुने कामगार. त्यांचे जावई अजितराव रिॲक्टरवर कामाला लागले, त्या वर्षी अप्पांनी लाल फडक्यात नारळ बांधून माझ्या दांड्याच्या टोकाला लटकवला. लेकीचं कुंकू राख, म्हणाले. खरे सांगतो, मी फुलून गेलो. इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे मान वर करून पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी दुसरा नारळ आला. मग तिसरा. देवाचा नारळ उतरवणार कोण?

नव्या इंजिनिअर माधवी मॅडमनी एकदा विचारले होते, हे वर कशाला? अप्पा हसले. "नारळाचं कसलं वझं, मॅडम? देवाचा हाय त्यो." म्हाताऱ्या माणसाचे मन कशाला दुखवा, म्हणून मॅडमनी नारळ तसेच राहू दिले.

काटा पिवळ्याच्या कडेला.

मॅडम सर्वांना फाटकाबाहेर, वारा येतो त्या बाजूला पाठवतात. अजितराव मात्र रिॲक्टर गार करायला टाकीचे पाणी हाताने सोडावे म्हणून माझ्याशेजारी चढले आहेत. पाणी सोडायचे चाक गंजलेले. तेही माझ्यासारखेच, कुणी कधी फिरवून न पाहिलेले. हलत नाही.

काटा लाल.

आता मी उघडायला हवे. खालून वाफ ढुशा देते आहे. दांडा थरथरतो आणि पुन्हा बसतो. नारळ नुसते डोलतात.

जिन्याच्या पायथ्याशी मॅडम आहेत. आणि अप्पा. बाहेर जा म्हटले तरी ते गेलेले नाहीत. मॅडम वर बघतात. "अप्पा, दांडा उचलला जात नाहीये."

अप्पांना पुढचे सांगावे लागत नाही.

"अजितराव, त्ये नारळ काढा."

अजितराव थबकतात. "अप्पा, देवाचं हायती."

"म्यां बांधल्यात, मीच सांगतोय." आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्याच्या तोंडून जावयासाठी एकेरी शब्द निघतो. "काढ की रं."

अजितराव फडके ओढतात. गाठ सुटत नाही. ओढ खाली बसते, मी आणखी दाबला जातो. भांडे कण्हते. मग ते गुडघ्यांवर बसतात, नारळांखाली खांदा घालतात आणि सगळा भार वर उचलून धरतात.

मी उघडलो.

त्या दिवशी माझी किंकाळी कळसपर्यंत गेली म्हणतात. नळातून वाफ सुटली, काटा लालातून खाली आला. अजितराव तसेच खांदा लावून बसले होते. त्यांचा उजवा कान माझ्याशेजारी होता.

त्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही. अनिताताई, म्हणजे अप्पांची लेक, बोलताना त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहतात.

यंदाच्या खंडेनवमीला अप्पांनी नारळ खाली, फरशीवर फोडला. मॅडमनी कारखाना बंद असताना माझी तपासणी करवून घेतली, तेव्हा अप्पा वर आले आणि दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. सहज उचलला गेला. तरी त्यांनी पुन्हा एकदा पाहिला.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा. हळदकुंकू वाहा, मला आवडते. पण माझ्या दांड्याला काही बांधू नका. आणि कुणी नवखे माणूस मान वर करून विचारेल, हे वर कशाला, तेव्हा हसू नका. माझ्यापाशी या, आणि दांडा उचलून बघा.