वळणापलीकडचे चार पलंग

"तुम्ही माझ्या आईला पुन्हा तहानेनं मारायला निघालात." थोरल्या लेकीनं सरांची वाटच अडवली. "सरळ बोलते. राग मानायचा तर माना."

सर मानसशास्त्राचे मोठे प्राध्यापक. त्यांची एक विद्यार्थिनी काही आठवड्यांपासून ह्या वॉर्डात लोखंडी खुर्ची टाकून बसत होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटशी नर्स, मावशी कशा वागतात ते बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही. बघायचं आणि टिपायचं, बस्स. वॉर्डात तिचं नाव पडलं होतं सीसीटीव्ही. ती आली की पेले भरायचे, कुशी बदलल्या जायच्या, चादरी ताठ व्हायच्या. आईच्या पाठीवरची जखम ह्याच दिवसांत सुकली होती. आणि आज सरांनी खुर्ची उचलायला सांगितली होती.

"समजून घ्या, ताई." सर घड्याळाचा पट्टा सैल करत होते, पुन्हा घट्ट करत होते. "हिला बघून लोक वेगळं वागतात. ते खरं वागणं नव्हे. आता छताला छोटे कॅमेरे लावू. नर्सना कळणारही नाही. परवानगी आलीय."

"म्हणजे आई पाणी मागणार, कोणी येणार नाही, आणि तुम्ही ते बघणार."

"शेवटी अहवाल देऊच ना आम्ही. वर्षभरात."

"वर्षभर ती कळ काढेल, असं सांगितलंय का तिनं तुम्हाला?"

थोरली पलंगाच्या उशापासून पायथ्यापर्यंत जात होती, वळत होती, पुन्हा येत होती. आईची एक बाजू लुळी पडलेली. तिला पेला उचलता येत नसे, जीभ मात्र शाबूत होती.

"अगं, बूड टेक की जरा," आई म्हणाली. "भोवऱ्यासारखी काय फिरतेस! मलाच गरगरतंय."

थोरलीनं खुर्ची फरफटत पुन्हा जागेवर आणली.

"तू बस गं," ती विद्यार्थिनीला म्हणाली. "मी बघते कोण उठवतंय."

विद्यार्थिनी बॅग छातीशी धरून सरांकडे बघत राहिली.

"बसवायचीच असेल तर तिकडं बसवा." ट्रॉली ढकलत आलेली सिस्टर मध्येच थांबली होती. "वळणापलीकडं."

"का? तिकडं काय आहे?"

"या, दाखवते."

वॉर्ड पुढं काटकोनात वळत होता. खुर्चीवरून वळणापलीकडचं काही दिसत नसे. रोज येऊनही थोरलीनं तिकडं कधी पाऊल टाकलं नव्हतं. चार पलंग होते. पहिल्यावर एक आजोबा, ओठांना भेगा पडलेल्या. शेजारी पालथा पेला, त्याच्या बुडावर धूळ.

"आम्ही दोघी आणि एक मावशी. अख्खा वॉर्ड," सिस्टर म्हणाली. "ही पोरगी बसली तिथून जेवढं दिसतं, तेवढ्यात आम्ही धावलो. तुमच्या आईला मिळालं ना, ते इथून गेलं. लबाडी म्हणा हवं तर. आम्हालाही नोकरी टिकवायचीय."

थोरली तरातरा मागं गेली आणि तिनं आईच्या उशाचा भरलेला जग उचलला.

"माझं पाणी कुठं नेतेस?"

"आणते," ती म्हणाली. आईकडे तिनं बघितलं नाही.

तिनं पेला विसळून भरला आणि आजोबांच्या मानेखाली हात घातला. ते घटाघटा प्यायले, खोकले, परत तोंड पुढं केलं. सर येऊन वळणावर उभे राहिले होते.

"ह्यांच्याबद्दल काय टिपलंत, सर?" तिनं मागं न बघता विचारलं.

"हे पलंग आमच्या निरीक्षणाच्या कक्षेत नव्हते."

"आणि तिघी बायका सगळ्यांना कशा पुरणार, ते?"

"तो वेगळा विषय आहे. ते व्यवस्थापनानं..."

आजोबांच्या हनुवटीवरून ओघळ आला. तिनं तो ओढणीनं टिपला. पलीकडच्या पलंगावरून कुणीतरी हात वर केला, मग आणखी एकानं. विद्यार्थिनीनं बॅग जमिनीवर ठेवली आणि दुसरा पेला धुवायला घेतला. सरांनी तिला हाक मारली. तिनं नळ आणखी मोठा सोडला.

"अगं, पाणी!" तिकडून आईचा आवाज आला. "घसा कोरडा पडला माझा!"

थोरली जग हातात धरून सरांकडे वळली.

"बोला. कुणाची तहान बसते तुमच्या विषयात? ह्यांच्या तोंडावर सांगा."