राखण

"म्हंजी कुत्रं आपल्याच मेंढरांवर भुंकायला लागलंय म्हणा की," येडू म्हणाला आणि तेवढ्या बोलण्यानंही त्याला धाप लागली.

डॉक्टर प्रियदर्शनींना हसू आलं. सोलापुरातल्या त्यांच्या दवाखान्यात येडू बाकावर हात पसरून बसला होता. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला त्या हातावर त्यांनी निरनिराळ्या जनावरांच्या कोंड्याच्या अर्काचे थेंब टाकून बारीक टोचे मारले होते. कुत्र्याचा टोचा सपाट राहिला होता आणि मेंढराचा चांगला चिंचोक्याएवढा फुगला होता.

"अगदी तसंच, मामा. श्वासनळीला आतून अस्तर असतं. त्यातून एक प्रथिन सुटतं. धोका दिसला की शरीराला हाक घालायची, एवढंच त्याचं काम. तुमच्यात ते मेंढरांच्या कोंड्यालाच धोका समजतंय. मग हाक ऐकून बाकीच्या पेशी धावत येतात, नळी सुजते, आवळते, आणि तुम्हाला दम लागतो."

"मग त्या कुत्र्याला गप करायचं औषद न्हाय व्हय?"

"आहे. त्या प्रथिनालाच अडवणारं इंजेक्शन निघालंय. दर महिन्याला घ्यावं लागतं. पण..." डॉक्टर थांबल्या.

"आमच्या आवाक्यातलं न्हाय म्हणा की," येडूची बायको मायाक्का शेजारून म्हणाली. तिला असं थांबणं चांगलं कळत होतं.

मग डॉक्टरांनी पंप कसा ओढायचा ते शिकवलं आणि मेंढरांपासून लांब राहायला सांगितलं. "घरात शाल, स्वेटर, असलं काही लोकरीचं वापरता का?"

"आमच्यात कोण घालतंय स्वेटर?" येडू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

मेंढरांपासून लांब राहा, हे धनगराला सांगायला सोपं. होटगीच्या माळावर येडूचा जन्म गेला होता. मुलगा पुण्यात कंपनीत लागलेला, मायाक्काचे गुडघे धरलेले. ती चार दिवस एकटी मेंढरांमागे हिंडली आणि पाचव्या दिवशी भिंत धरून घरात आली. तेव्हा येडूनंच व्यापाऱ्याला निरोप धाडला.

टेम्पो आला त्या सकाळी त्यानं एकेका मेंढराच्या कपाळाला भंडारा लावला. सगळी चढली, फक्त चंद्री चढेना. कळपाच्या पुढं चालायची सवय तिला, टेम्पोत कुणाच्या मागं चालायचं? शेवटी येडूनं तिला पोटाशी धरून उचललं, वर ठेवलं आणि खाली बसून पंप ओढला. काळू कुत्रा टेम्पोमागं रेल्वे फाटकापर्यंत धावला. फाटक पडलं तसा परत आला आणि रिकाम्या वाघरीशी, मेंढरं कोंडायच्या त्या जाळीशी, बसून राहिला.

मेंढरं गेली आणि दमा मात्र राहिला. उलट वाढलाच. गावातले लोक काय, बोलायला मोकळेच. "येडूबा, मेंढरं न्हेली व्यापाऱ्यानं, दमा इसरला वाटतं," असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. येडूही हसला, पण त्या दिवसापासून तो पारावर गेला नाही. घरात घोंगडं डोक्यावरून ओढून पडून राहू लागला.

ते घोंगडं त्याच्या आईचं. घरच्या मेंढरांची लोकर तिनं स्वतः कातली होती आणि सनगराकडून विणून घेतली होती. देवाला बसवायचं तर त्याच्यावर, पाहुण्याला बसवायचं तर त्याच्यावर. पाऊस लागला की त्याला वास सुटायचा, अख्खा कळप घरात येऊन बसल्यासारखा. मेंढरं गेल्यापासून येडू त्यात तोंड खुपसूनच झोपायचा. त्याशिवाय त्याला झोप येत नव्हती, आणि त्याला कोण दोष देणार?

एका सकाळी त्याची नखं निळी दिसायला लागली. मायाक्कानं रिक्षा बोलावली. गार वारं लागू नये म्हणून त्याच घोंगड्यात त्याला नीट गुंडाळलं आणि दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी आधी वाफ दिली, सलाइन लावलं. छातीतली शिट्टी उतरल्यावर त्यांचं लक्ष खाटेच्या पायथ्याशी गेलं.

"मामा, हे काय?"

"घोंगडं."

"कशाचं असतं हे?"

"लोकरीचं," येडू म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मायाक्कानं पदर तोंडाला लावला.

"रोज घेता अंगावर?"

"लहानपणापास्नं," ती म्हणाली. "आवो ताई, ते कापड हाय का? त्ये तर देवाचं हाय."

शाल विचारली, स्वेटर विचारला, आपण हेच कसं विचारलं नाही, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"ताई," येडू म्हणाला, "निस्तं ह्येच आदी काडलं असतं, तर मेंढरं ऱ्हायली असती का?"

"सांगता येत नाही, मामा."

"न्हाय म्हणा की वो."

"खरंच सांगता येत नाही."

तेवढं खोटं त्या बोलल्या असत्या तर येडूला हवं होतं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो रडला. लहान पोरासारखा, आवाज करून रडला. मायाक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आल्यावर घोंगड्याचं काय करायचं, हा प्रश्न पडला. मायाक्का म्हणाली, "माज्या भावाला देऊ." येडू म्हणाला, "आईचा हात हाय त्याला." जाळायचं तर दोघांच्याही मनात आलं नाही. शेवटी तिनंच ते बाहेर नेलं आणि रिकाम्या वाघरीत पसरून ठेवलं.

आता येडूला बरं आहे. पंप वेळेवर ओढतो, चढ चढतो, रात्री सुती चादरीत झोपतो. छाती मोकळी झाली आहे. श्वास भरभरून येतो, पण त्याला कसलाच वास नसतो.

संध्याकाळी तो दारात बसतो. वारं वाघरीकडून आलं तर उठून दुसऱ्या बाजूला बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तो ऐकतो. समोर काळू घोंगड्याच्या कडेनं एक चक्कर मारतो, चारही कोपरे हुंगतो आणि त्याच्यावर न बसता शेजारी, माळाकडं तोंड करून बसतो. माळावर काही हललं की उठून भुंकतो.

"गप रं, काळू," मायाक्का आतून ओरडते. "हाय काय तितं राखायला?"

"भुंकू दे त्याला," येडू म्हणतो.