कलम आठ, एका दुपारपुरतं

डेन्झिल पोलार्ड निर्दोष ठरला. निकाल सविस्तर होता, सकारण होता आणि त्याखाली लॉर्ना टिपेटची सही होती. नंतर तो मागे घेण्यात आला. मागे घेतलेला निकाल मुळात दिलाच गेला नव्हता असं समजावं, असं नियमावलीचं अकरावं कलम सांगतं. तेव्हा डेन्झिलचा काही निकाल लागलेला नाही. आपणही तसंच समजू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी लॉर्ना चमच्याने टाकी वाजवत होती. ब्रूनी बेटावर नळाचं पाणी नाही. छपरावर पडलं ते आपलं. टाकी वरून खाली वाजवत यायचं, आवाज बदलला की तिथवर पाणी. लॉर्नाच्या टाकीचा आवाज पार तळापर्यंत बदलला नाही. टाकीवरचं यंत्र मात्र 'भरलेली' असं दाखवत होतं. ते तिनेच बनवलेलं असल्यामुळे ती त्याला काही बोलत नसे.

पाण्याचा ट्रक घेऊन ब्रेट आला.

"यंत्र काय म्हणतंय?"

"भरलीय."

"मग मी परत जाऊ?"

"नळी लाव, ब्रेट."

खरं तर यंत्र दोघांचं होतं. दोन फाटकं पलीकडे राहणारा डेन्झिल फेरीबोटीच्या इंजिनावरून निवृत्त झालेला, लॉर्ना शाळेच्या कचेरीतून. टाकीत तरंगणारा गोळा त्याच्या डोक्यातला. तो कसा जोडावा हे तिने इतकं स्वच्छ लिहिलं होतं की वाचून कोणालाही जमावं. सगळं त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवलं. ज्याला हवं त्याने घ्यावं, सुधारावं, पुढे द्यावं. जगभरातून माणसं येऊन मिळाली. दर बुधवारी दुपारी डेन्झिलच्या व्हरांड्यात किटलीभर चहा घेऊन दोघं त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची. बेटावर लोक म्हणायचे, त्या दोघांचं काहीतरी आहे. होतंच. यंत्र होतं.

मग भांडण झालं. पाणी लिटरमध्ये दाखवावं की टक्क्यांत? पाण्यावरून युद्धं होतील असं जाणकार म्हणतात, पण मोजमापावरून होतील हे कोणी सांगितलं नव्हतं. टक्केवाल्या एका डच पोराला डेन्झिलने लिहिलं, "हेच यंत्र तुझ्या डोक्यात बसवलं तर शून्य दाखवील. लिटरमध्येही आणि टक्क्यांतही." पोरगा गेला. त्याच्यामागून आणखी काही गेले.

म्हणून लॉर्नाने नियमावली लिहिली. कोणी कोणाशी कसं बोलावं, तक्रार कुठे करावी, ती कोणी ऐकावी. समिती दोघांची, ती आणि डेन्झिल. आठवं कलम तर त्यानेच सुचवलं होतं: काढून टाकलेल्या माणसाला समितीच्या सभासदाने खासगीत भेटू नये, बोलू नये.

"पळवाट ठेवू नकोस," तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला होता. "तुझं मन मऊ आहे, लॉर्ना. लोक म्हणतील, आपल्या माणसाला सांभाळून घेतलं."

पहिली तक्रार त्याच्यावरच आली, त्याच डच पोराची. लॉर्नाने डेन्झिलला काढलं. त्याने निर्णय वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि उठून आत गेला.

गोळ्याचं गणित फक्त त्याला ठाऊक होतं, त्यामुळे यंत्राचा प्रकल्प वर्षभरात बसला. नियमावली मात्र धावत सुटली. कोणीही नवा प्रकल्प काढला की आयते नियम उचलायचा. नियमावलीच्या शेवटी लॉर्नाने सोयीसाठी लिहिलं होतं, 'तक्रार पुढील व्यक्तीकडे करावी. इथे आपल्या माणसाचं नाव घाला. उदाहरणार्थ, लॉर्ना टिपेट.' लोकांनी तेही उचललं, उदाहरणार्थसकट.

तेव्हापासून जगातली गाऱ्हाणी तिच्याकडे येऊ लागली. चिलीतल्या दुर्बीणवाल्यांत एकाने दुसऱ्याच्या आरशाला वाकडा म्हटलं. तो वाकडा असणंच अपेक्षित होतं, पण सूर योग्य नव्हता. नॉर्वेत एक गृहस्थ प्रत्येक सूचनेला फक्त अंगठ्याचं चित्र पाठवायचे. लॉर्ना टोस्ट खाता खाता प्रत्येकाचं ऐकून घेई आणि न्याय देई. चुकीचा पत्ता आहे, हे तिने कोणालाही कळवलं नाही. वीज कंपनी सोडली तर तिला लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं.

टाकी भरत होती. ब्रेट ट्रकच्या पायरीवर टेकला.

"आज तोंड का असं? कोंबड्यांचं प्रकरण आलं वाटतं."

लॉर्नाने चमचा खिशात घातला. "तक्रारींबद्दल मी बोलत नाही. गुप्त असतात."

"बरं. मीच बोलतो. डेन्झिल हल्ली त्या खुराड्याच्या दारावाल्यांत आहे. अंधार पडला की आपोआप बंद होणारं दार."

लॉर्नाकडे वेल्समधल्या एका नवख्याची तक्रार आली होती. त्याच्या दाराने कोंबडी बाहेरच ठेवली. त्यावर डी. पोलार्ड यांनी लिहिलं होतं, 'अंधार पडला की घरी यावं, हे कोंबडीला कळतं. दार बनवणाऱ्याने निदान कोंबडीइतका विचार करावा.'

"त्यांच्याकडे नियम नव्हते," ब्रेट म्हणाला. "यानेच तुझे नेऊन दिले. मी म्हटलं, अरे, खाली तिचंच नाव राहिलंय की. तर म्हणाला, राहिलं नाही, ठेवलंय."

"ठेवलंय?"

"काही झालं तर तिच्याकडेच जाईल ना, म्हणाला. गेल्या खेपेला पाणी टाकायला गेलो तेव्हा खुशीत होता. म्हणाला, सगळी तयारी झालीय, आता फक्त कोणाचा तरी अपमान करायचा राहिलाय."

नळीतलं पाणी टाकीच्या तळावर आधी मोठ्याने आदळत होतं, आता त्याचा आवाज खोल झाला होता.

"तो बरा आहे का?" लॉर्नाने विचारलं.

"गुडघा दुखतो म्हणतो. तूच विचार की जाऊन. दोन फाटकं तर आहेत."

"कलम आहे."

"कोणी केलं?"

"आम्हीच."

"मग मोड."

"आणि त्या चिलीवाल्यांनी काय करायचं? तिथे दोघं भाऊ आहेत, ब्रेट, एक काढलेला आणि दुसरा समितीत. मीच त्यांना सांगितलंय, नियम म्हणजे नियम. दोन वर्षं झाली, एका टेबलावर जेवलेले नाहीत."

ब्रेटने नळी गुंडाळली. "तुम्ही दोघं वेडे आहात. तो जरा कमी, त्याच्याकडे कोंबड्या तरी आहेत."

तो गेल्यावर लॉर्ना आत जाऊन बसली आणि निकाल लिहिला. विधान कोंबडीच्या बाजूने असून कोणाच्याही विरोधात नाही, डी. पोलार्ड निर्दोष. पाठवला. किटली ठेवली. कप एकाऐवजी दोन काढले गेले. ते पाहून ती परत येऊन बसली आणि पाचवं कलम उघडलं: ज्या व्यक्तीचा जीव आरोपीत अडकला असेल, तिने निकाल देऊ नये, दुसऱ्या सभासदाकडे द्यावा. दुसऱ्या सभासदाची जागा डेन्झिलला काढल्यापासून रिकामी होती. तिने निकाल मागे घेतला. मागे घेण्याचं कारण लिहायची एक ओळ असते. ती तिने भरली, खोडली आणि पुन्हा भरली.

दुसरा कप धुऊन उपडा ठेवल्यावर तिने अर्ज लिहायला घेतला.

'प्रति, वर्तन समिती. विषय: कलम आठ शिथिल करणेबाबत.

अर्जदार व काढून टाकण्यात आलेले गृहस्थ श्री. डेन्झिल पोलार्ड यांना येत्या बुधवारी दुपारी, सदर गृहस्थांच्या व्हरांड्यात, एक किटली चहा संपेपर्यंत समोरासमोर बसण्याची परवानगी मिळावी. बैठकीत यंत्राविषयी बोलणं होणार नाही. समितीस आवश्यक वाटल्यास कोणतंही बोलणं होणार नाही. समितीत सध्या एकच सभासद असून अर्जदार तीच आहे, व तिला या प्रकरणी मत देता येत नाही. तरी उर्वरित सभासदांनी आपल्या सवडीने एकमताने निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.'